वाचकांचे प्रश्न : बढतीच्या यादीपर्यंत तिचे नाव का पोहोचत नाही?

तंत्रज्ञान क्षेत्रातील स्त्रिया आणि वरिष्ठ पदे या विषयावर प्रश्न मागवले, तेव्हा बहुतेक पत्रे संचालक मंडळे आणि सर्वोच्च अधिकारपदे यांविषयी असतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात आलेली पत्रे त्यापासून फार खालच्या, पहिल्या-दुसऱ्या पायरीवरची निघाली. पुण्यातील सॉफ्टवेअर उद्योगात मी २७ वर्षे काढली आणि त्यांपैकी शेवटची १२ वर्षे बढत्या ठरवणाऱ्या बैठकांना बसले. त्यामुळे या पत्रांचे मला आश्चर्य वाटले नाही, वाटले असेल तर थोडे वाईट वाटले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : मी हिंजवडीतील एका कंपनीत नऊ वर्षे काम करते. एका परदेशी बँकेच्या प्रकल्पावर मी टेक लीड, म्हणजे तांत्रिक कामाची प्रमुख, होते. प्रसूतिरजेनंतर परत आले तेव्हा माझ्या जागी दुसऱ्या सहकाऱ्याला कायम केले होते आणि मला कंपनीच्या अंतर्गत टूल्सची देखभाल देण्यात आली. “इथे रात्रीचे कॉल नाहीत, बाळ लहान आहे, तुलाच सोयीचे पडेल,” असे मॅनेजर म्हणाले. पगार तोच आहे, हुद्दाही तोच आहे. वर्षअखेरीस रेटिंग मध्यम आले आणि मॅनेजरपदासाठी माझे नाव पुढे गेले नाही. माझ्याशी कोणीही वाईट वागलेले नाही. मग तक्रार तरी कशाची करावी?
— एक वाचक, वाकड

उत्तर : कोणी वाईट वागलेले नाही, हे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि अडचण तिथेच आहे. तुमच्याविषयीचा एक महत्त्वाचा निर्णय तुम्हाला न विचारता, परस्पर आणि सद्भावनेने घेतला गेला. त्याची किंमत मात्र तुमच्या नावावर पडली. वाईट वागणाऱ्या माणसाशी भांडता येते; तुमची काळजी घेणाऱ्या माणसाशी कसे भांडायचे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते.

१९९७ साली मी ज्या कंपनीत होते, तिथे वाय-टू-केच्या, म्हणजे संगणकांतील २००० सालच्या तारखेची अडचण दूर करण्याच्या, कामासाठी अमेरिकेला पाठवायच्या अभियंत्यांची यादी तयार होत होती. एके दिवशी दुपारच्या चहानंतर प्रशासन विभागातील मुलगा व्हिसासाठी पासपोर्ट गोळा करत टेबलांमधून फिरू लागला. माझ्या डावीकडच्या सहकाऱ्याचा पासपोर्ट त्याने घेतला, माझ्यापाशी येऊन हातातल्या कागदावर नजर टाकली आणि तसाच उजवीकडच्या टेबलाकडे गेला. माझा पासपोर्ट खणात होता. लग्नानंतरच्या नावाने महिन्यापूर्वीच नवा करून आणला होता. आमच्या वरिष्ठांना विचारले, तेव्हा ते अतिशय सज्जन गृहस्थ म्हणाले, “तुझे आत्ताच लग्न झाले आहे, घरच्यांना अवघड जाईल, म्हणून मीच तुझे नाव घातले नाही.” घरच्यांना कोणी विचारले नव्हते आणि मलाही नाही. त्या तुकडीतील सहापैकी चौघे पुढच्या तीन वर्षांत प्रोजेक्ट मॅनेजर झाले, कारण क्लायंटसमोर उभे राहिल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. मला त्या पदापर्यंत पोहोचायला सहा वर्षे लागली.

आता तुमच्या रेटिंगचे काय झाले असेल ते सांगते. मार्चमध्ये एका खोलीत सात-आठ व्यवस्थापक बसतात, पडद्यावर एक्सेलचा तक्ता असतो आणि एका नावाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ येत नाही. तेवढ्यात तुमच्या मॅनेजरला तुमच्याविषयी फार तर एक वाक्य बोलता येते: अमुक क्लायंट, अमुक माणसांची टीम, इतका महसूल, अमुक अडचणीतून प्रकल्प बाहेर काढला. अंतर्गत टूल्स सांभाळणाऱ्या व्यक्तीविषयी असे वाक्य तयारच होत नाही, मग ते काम तिने कितीही चोख केलेले असो. म्हणून तुम्हाला मिळालेले मध्यम रेटिंग हे तुमच्या कामाचे मोजमाप आहे असे समजू नका. तुमच्या हाती कोणते काम दिले गेले, त्याचे ते मोजमाप आहे.

हे एकट्या पुण्यातच घडते असे नाही. मॅकिन्झी आणि लीन इन या संस्था अमेरिकेतील कंपन्यांची दर वर्षी जी पाहणी करतात, तिच्या २०२४ च्या अहवालानुसार पहिल्या व्यवस्थापकपदावर १०० पुरुषांना बढती मिळते, तेव्हा ८१ स्त्रियांना मिळते. पहिल्याच पायरीवर १९ जणी मागे राहिल्या, की पुढच्या बढत्या कितीही न्याय्य दिल्या तरी वरच्या मजल्यावर निवड करायला पुरेशा स्त्रियाच उरत नाहीत, आणि मग तिथले लोक ‘योग्य उमेदवार मिळत नाहीत’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगतात.

कायद्याचे म्हणाल, तर प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. रजेच्या काळात स्त्रीच्या सेवाशर्ती तिच्या नुकसानीच्या दिशेने बदलण्यास मनाई आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बदली, प्रशिक्षण आणि बढती यांतही स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. तरीही पगार आणि हुद्दा जिथल्या तिथे असताना केवळ प्रकल्प बदलला, एवढ्या आधारावर कायद्याची वाट धरावी असे मी सांगणार नाही. ती वाट लांबची आहे आणि तुम्हाला हवे आहे ते काम तिच्या शेवटी मिळेलच असे नाही. दुकाने व आस्थापना कायद्यातील आणखी एक तरतूद मात्र तुमच्या मॅनेजरना ऐकवण्यासारखी आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत आस्थापनेत काम करण्यासाठी स्त्रीची संमती आणि घरापर्यंत सुरक्षित वाहन या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. संमती तिने द्यायची आहे. तिच्या वतीने दुसऱ्याने ती परस्पर नाकारावी, असे कायद्यात कुठेही म्हटलेले नाही.

आता करायचे काय? कॉफी पिता पिता बोलू नका, मेल लिहा. आशय साधारण असा ठेवा: “रजेपूर्वी मी बँकेच्या प्रकल्पाचे अमुक काम सांभाळत होते. पुढील तिमाहीपासून मला क्लायंटशी थेट संबंध असलेली जबाबदारी हवी आहे. आठवड्यातून दोन रात्री मी कॉल घेऊ शकेन, बाकीचे कॉल टीममध्ये वाटून घेता येतील. अशी जबाबदारी केव्हापासून मिळू शकेल, ती तारीख कळवावी.” यात आभार नकोत आणि क्षमायाचनाही नको. ‘दोन रात्री’ हा आकडा घरी जोडीदाराशी बोलून ठरवा आणि मगच लिहा, कारण रात्रीच्या कॉलची अडचण खरी आहे. ती नसल्याचा आव आणला तर तीन महिन्यांत तुम्ही थकून जाल आणि ‘बघा, मी म्हणालोच होतो’ हे वाक्य ऐकावे लागेल. रजेचे सहा महिने रेटिंगमध्ये कसे धरले, हेही त्याच मेलमध्ये विचारा. काही कंपन्या रजेपूर्वीचे रेटिंग पुढे चालवतात, काही फक्त काम केलेल्या महिन्यांचा विचार करतात, आणि काही ठिकाणी कोणी विचारले नाही म्हणून कोणी काहीच ठरवलेले नसते. उत्तर तोंडी आले, तर “आपले असे बोलणे झाले” म्हणून त्याच दिवशी दोन ओळींचा मेल पाठवून ठेवा.

प्रश्न : माझी पुतणी अभियंता आहे. तिच्या वर्गात जवळजवळ निम्म्या मुली होत्या, असे ती सांगते. शिक्षण मिळते, नोकऱ्या मिळतात, फी माफ होते, तरी वरच्या पदांवर मुली दिसत नाहीत. माझ्या मते त्यांनाच ती पदे नको असतात. घर सांभाळायचे असते. मग कंपन्यांना दोष कशासाठी द्यावा?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपले अर्धे म्हणणे बरोबर आहे. प्रवेशद्वार आता बऱ्यापैकी उघडे आहे. आपल्या राज्यात अभियांत्रिकी प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के आरक्षण आहे. महर्षी कर्वे यांच्या संस्थेने पुण्यात कर्वेनगरला मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ मध्ये सुरू केले, आणि आज पुण्यातील कोणत्याही मोठ्या आयटी कंपनीत तिथल्या दोन-चार विद्यार्थिनी सहज भेटतात. देशाच्या आयटी उद्योगातील कर्मचाऱ्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक स्त्रिया आहेत. इतर कोणत्या संघटित खासगी उद्योगाने एवढी मजल मारली आहे, हे मला पटकन आठवत नाही.

राहिलेल्या अर्ध्याविषयी मात्र मतभेद आहे. ‘नको असतात’ या दोन शब्दांत बरेच काही दडलेले असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. अर्थशास्त्राचे २०२३ चे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी काही नोकऱ्यांना ‘लोभी’ म्हटले आहे: वेळी-अवेळी, सांगाल तेव्हा हजर राहणाऱ्याला त्या कामाच्या तासांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त देतात. आपल्याकडच्या आयटीतील वरची पदे अशीच आहेत, कारण क्लायंटची सकाळ ही आपली संध्याकाळ असते. घरात एकाच माणसाला अशी नोकरी करता येते, आणि तो माणूस कोण असेल हे बहुधा न बोलताच ठरलेले असते.

एक उदाहरण देते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये स्त्रियांचे नोकरी सोडण्याचे प्रमाण एरवी पुरुषांइतके किंवा त्याहून कमी असे. २०२२-२३ मध्ये ते पुरुषांच्या पुढे गेले, आणि कंपनीच्या मनुष्यबळ प्रमुखांनी वार्षिक अहवालात हे स्वतःहून नमूद केले. महासाथीच्या काळात घरून काम सुरू झाल्यावर काही घरांतील व्यवस्था बदलली आणि कार्यालये उघडल्यावर ती पूर्ववत झाली नाही, असा त्यांचा अंदाज होता. त्याच कंपनीतील, त्याच प्रकारच्या स्त्रिया. त्यांची महत्त्वाकांक्षा काही एका वर्षात आटली नव्हती. अमेरिकेतील अनुभवही असाच बोलका आहे. तिथे १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत ३७ टक्के स्त्रिया होत्या आणि पुढील पंचवीस वर्षांत ते प्रमाण २० टक्क्यांच्या खाली घसरले. स्त्रीस्वभाव पंचवीस वर्षांत बदलत नाही. परिस्थिती बदलते.

आपली पुतणी घरी येईल तेव्हा तिला एक प्रश्न जरूर विचारा: पाळणाघरातून ‘मुलाला ताप आहे’ असा फोन येतो, तो कोणाच्या मोबाइलवर येतो?

प्रश्न : मी खराडीतील एका कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर आहे, म्हणजे क्लायंटचे प्रकल्प वेळेत पूर्ण करून देण्याची जबाबदारी माझी. माझ्याकडे या वर्षी बढतीची एकच जागा आहे. एक पुरुष सहकारी सरस आहे. एक महिला सहकारी चांगली आहे, पण तिला बजेट सांभाळण्याचा अनुभव नाही. वरिष्ठ पदांवरील स्त्रियांचे प्रमाण वाढवा, असा मनुष्यबळ विभागाचा आग्रह आहे. तिला बढती दिली तर ‘कोट्यातून मिळाली’ असे टीम म्हणेल आणि नाही दिली तर मी प्रतिगामी ठरेन. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचे पत्र प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट देते. तो खरोखर सरस असेल, तर या वर्षीची जागा त्याला द्या. एखाद्या स्त्रीला तयारीशिवाय वर चढवले आणि ती अडखळली, की त्याचा दाखला पुढची दहा वर्षे प्रत्येक स्त्री उमेदवाराला दिला जातो. अडखळलेल्या पुरुषाचा दाखला कोणत्याही पुरुषाला दिला जात नाही.

त्याआधी मात्र ‘सरस’ हा शब्द एकदा तपासून घ्या. दोघांची नावे बाजूला ठेवा आणि या पदासाठी लागणाऱ्या चार-पाच गोष्टी कागदावर लिहा. नावे पाहण्याआधी निकष लिहिले, तर ते निकष राहतात. नावे पाहिल्यानंतर लिहिले, तर ते समर्थन होते. बैठकींमध्ये मी वर्षानुवर्षे पाहिलेली एक गोष्ट अशी, की पुरुषाविषयी ‘करील तो, हुशार आहे’ असे भविष्यकाळात बोलले जाते आणि स्त्रीविषयी ‘अजून तिने केलेले नाही’ असे भूतकाळात. दोघांनाही एकच काळ लावून पाहा. मग ज्या वाक्यात तुम्ही ‘तिला बजेटचा अनुभव नाही’ असे लिहिले आहे, तिथे थांबा आणि गेल्या दोन वर्षांत तुमच्या विभागात बजेट असलेली कामे किती आली आणि ती कोणाकोणाला दिली, हे काढा. ती कामे देणारे तुम्हीच होता. उत्तर पाहून तुम्हाला संकोच वाटला, तर तो टीमसमोर नव्हे, स्वतःच्या वहीत नोंदवा आणि येत्या तिमाहीतील पहिले बजेट तिच्या हाती द्या, शंका विचारायला तुम्ही मागे उभे राहून. पुढच्या वर्षी तिला जागा द्याल तेव्हा ‘कोटा’ म्हणणाऱ्याला दाखवायला तुमच्याकडे आकडे असतील.

कोट्याविषयी थोडे सांगते, कारण या शब्दाने उगाच धुरळा उडतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध आणि ठरावीक आकाराच्या इतर सार्वजनिक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असावी, असे बंधन घातले. अनेक कंपन्यांनी काय केले? प्रवर्तकांच्या पत्नी, मुली, बहिणी यांना खुर्चीवर बसवले. अखेर शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०१९ पासून पहिल्या ५०० आणि २०२० पासून पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना स्वतंत्र महिला संचालक नेमण्यास सांगितले. एका सूचीबद्ध भारतीय आयटी कंपनीच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री आली ती २०२० मध्ये, रोशनी नाडर मल्होत्रा, आणि त्या संस्थापकांच्या कन्या आहेत. त्यांच्या कर्तृत्वाविषयी मला शंका घ्यायची नाही. पण नोकरीच्या पायऱ्या चढून त्या खुर्चीपर्यंत जाणाऱ्या स्त्रीची वाट वेगळी आणि बरीच चिंचोळी आहे, एवढे नमूद करावेसे वाटते. या उद्योगाची संघटना असलेली नॅसकॉम १९८८ मध्ये स्थापन झाली. तिला पहिल्या महिला अध्यक्ष, देबजानी घोष, मिळाल्या २०१८ मध्ये आणि कार्यकारी मंडळाच्या प्रमुखपदी पहिली स्त्री, रेखा मेनन, २०२१ मध्ये. सर्वांत वरची खुर्ची कायद्याने किंवा दबावाने भरता येते. तुमच्या हातातली डिलिव्हरी मॅनेजरची खुर्ची मात्र कोणताही कायदा भरू शकत नाही. ती कोणाला मिळेल हे तुम्ही कोणाला कोणते काम देता, यावरच ठरते.

पिंपरीच्या टेल्कोची, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सची, १९७४ सालची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. अभियंते हवेत अशा जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि त्यांना पुण्यात मुलाखतीला बोलावून नोकरी देण्यात आली. आज तसे वाक्य छापण्याची कोणाची छाती होणार नाही. पण छापील वाक्याला पोस्टकार्डाने उत्तर देता येते. बंद खोलीत ‘तिला सध्या नको, तिच्या मुलाची दहावी आहे’ असे कोणी म्हणते, तेव्हा ते तिच्या कानावरच जात नाही. त्या खोलीत तुम्ही असता. तिथे “तिला विचारले आहे का?” एवढेच विचारत चला.

प्रश्न : माझे वय ३६. मूळची नागपूरची, आता बंगळूरला टीम लीड आहे. नवीन मुलांना शिकवणे, कॅम्पस भरती, बैठकींचे इतिवृत्त, ऑफिसचा गणपती, महिला दिन, सगळे माझ्याकडे असते. कौतुक खूप होते, तीन मार्गदर्शकही आहेत. बढती मात्र दोनदा हुकली.
— एक वाचक, बंगळूर

उत्तर : गेल्या सहा महिन्यांचे आउटलुक कॅलेंडर छापून घ्या आणि दोन रंगांची पेने घेऊन बसा. ज्या कामाचा उल्लेख तुमच्या अप्रेझलच्या उद्दिष्टांत आहे, त्याखाली निळी रेघ ओढा. ज्याचा नाही, त्याखाली लाल. माझ्या हाताखालील एका मुलीला मी हे करायला लावले होते. तिच्या मार्च महिन्याचे पान जवळजवळ लालच झाले होते, आणि त्यातली एक रेघ माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. ज्या दुपारी तिच्या विभागाची रेटिंगची बैठक होती, त्याच दुपारी ती महिला दिनासाठी अडीचशे गुलाबांची ऑर्डर देत होती.

अशा कामांचा अमेरिकेत लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला आहे. संस्थेला ही कामे हवी असतात, पण करणाऱ्याला त्यांतून बढती मिळत नाही. त्यांच्या प्रयोगांत ही कामे स्त्रिया जास्त वेळा आपणहून घेतात आणि मागणारेही त्यांनाच जास्त वेळा विचारतात, असे दिसले. म्हणजे ‘तुला नाही म्हणता येत नाही’ हा सल्ला अपुरा आहे. पुरुषाला मुळात ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा प्रसंगच कमी येतो.

इतिवृत्त आणि सणसमारंभ यांची पाळी लावा. टीममध्ये नऊ जण असतील तर नऊ जणांची नावे, आठवड्यावार, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी. कोणाला व्यक्तिशः नकार द्यावा लागत नाही. नवीन मुलांना शिकवण्याचे आणि कॅम्पस भरतीचे काम आवडत असेल तर जरूर करा, पण ते उद्दिष्टांत लिहून घ्या, टक्केवारीसह. मॅनेजर लिहायला तयार नसतील, तर त्या कामाची किंमत त्यांच्या लेखी किती आहे ते तुम्हाला कळलेच. आणखी एक. तुमच्या पत्रात तीन मार्गदर्शकांचा उल्लेख आहे. मार्गदर्शक तुम्हाला सल्ला देतो, पाठीराखा बंद खोलीत तुमचे नाव घेतो. तिघांपैकी रेटिंगच्या बैठकीला कोण बसते, ते पाहा. कोणीच बसत नसेल, तर चौथा माणूस शोधावा लागेल, आणि तो कौतुकातून मिळत नाही, त्याच्या अडचणीचे एखादे काम निभावून दिल्याने मिळतो.

प्रश्न : वय ४१. लग्नापूर्वी आणि नंतर मिळून आठ वर्षे सॉफ्टवेअरमध्ये होते, शेवटी मोड्यूल लीड, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एका भागाच्या कामाची प्रमुख, होते. मुले आणि सासऱ्यांचे आजारपण यांत सहा वर्षांचा खंड पडला. आता परतायचे आहे, पण सगळीकडे दोन पातळ्या खालचे पद देऊ करतात. या काळात घराजवळच्या महिला पतसंस्थेचे संगणकीकरण हौसेखातर पाहिले, एवढेच.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : परतणाऱ्या स्त्रियांसाठीच्या योजना आता बऱ्याच कंपन्या चालवतात, टाटा समूहाची अशी योजना तर २००८ पासूनची आहे. अशा योजनेत जाताना दोनच गोष्टी विचारा: काम खऱ्या क्लायंटचे आहे की सरावाचे, आणि मुदत संपल्यावर कायम करताना कोणती पातळी देणार. एक पातळी खाली जावे लागले तर फार मनाला लावून घेऊ नका, पण सहा महिन्यांनी पातळीचा फेरविचार होईल हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. दोन पातळ्या खालची ऑफर घेऊ नका. तिथून वर यायला जी वर्षे लागतात, ती तुमच्याकडे नाहीत, आणि मुलाखत घेणाऱ्यालाही हे ठाऊक असते.

आता खरा मुद्दा. तुम्ही पाठवलेला बायोडेटा मी वाचला. त्यात सहा वर्षांच्या जागी ‘कौटुंबिक कारणास्तव विराम’ असे लिहिले आहे आणि पतसंस्थेचा उल्लेखही नाही. पत्राच्या सोबतच्या चिठ्ठीत मात्र तुम्ही लिहिता, की हस्तलिखित खातेवह्यांतील नोंदी संगणकात आणल्या, सॉफ्टवेअर विकणाऱ्याशी दर ठरवला, त्याने चुकीचे व्याज लावले ते पकडून दिले, आणि कधी माउस हाती न धरलेल्या चार कर्मचारी महिलांना महिनाभर बसून शिकवले. बाई, याला डेटा मायग्रेशन, व्हेंडर मॅनेजमेंट, टेस्टिंग आणि ट्रेनिंग म्हणतात, आणि मोड्यूल लीड याहून वेगळे काही करत नाही. पैसे मिळाले नाहीत म्हणून ते ‘हौस’ झाले, हा हिशेब तुमचा स्वतःचा आहे; कोणत्याही मॅनेजरने तो तुमच्यावर लादलेला नाही.

बायोडेट्यात हे पहिल्या पानावर घ्या. खाती किती होती, काम किती महिने चालले, किती जणींना शिकवले, व्याजाची चूक किती रुपयांची होती, हे चारही आकडे लिहा. पतसंस्थेच्या सचिवांकडून संस्थेच्या लेटरहेडवर अनुभवपत्र घ्या, त्यावर शिक्का आणि जावक क्रमांक असू द्या, आणि ‘हौसेखातर’ हा शब्द त्यांनाही लिहू देऊ नका.